जवसाला कॅलेंडर कशाला?

मंडळी, या शनिवारी सॉफ्टवेअरला सुट्टी. आजचा विषय जवस. हसू नका, भांडण गंभीर आहे.

'सीड सायकलिंग' नावाचं एक खूळ सध्या जोरात आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाळीच्या पहिल्या दिवसापासून १४व्या दिवसापर्यंत रोज एक चमचा जवस आणि एक चमचा भोपळ्याच्या बिया खायच्या. १५व्या दिवसापासून पुढची पाळी येईपर्यंत तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. असं तीन महिने केलं की म्हणे हार्मोन्स ताळ्यावर येतात, पोट दुखत नाही, पीसीओएससुद्धा पळून जातो. पुण्यात आमच्या ऑफिसमध्ये या पुड्या कधीच पोचल्या. आता गावाकडेही मोबाइलवर तेच व्हिडिओ फिरताहेत.

गाव म्हणजे साखरखेर्डा, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा. इतिहासवाल्यांना ते १७२४च्या निजाम आणि मुबारिझखानाच्या लढाईमुळे माहीत असतं. मला ते जवसाच्या चटणीमुळे जास्त आठवतं. जवस तडतडेपर्यंत भाजायचे, लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचे आणि ज्वारीच्या भाकरीवर वरून कच्चं तेल. पुढे सोयाबीननं रान व्यापलं आणि जवस मागे पडला. आता तोच जवस काचेच्या बरणीत बसून, इंग्रजी नाव लावून परत आलाय. भाव विचारू नका!

तेव्हा आधीच सांगून ठेवतो, माझं भांडण जवसाशी नाही. वेळापत्रकाशी आहे, आणि त्यावर जो भरवसा विकला जातो त्याच्याशी आहे.

पहिला मुद्दा. हे वेळापत्रक धरून चालतं की बीज बरोबर १४व्या दिवशी सुटतं. मोठ्या बाईचं चक्र २१ ते ३५ दिवसांचं असलं तरी ते नॉर्मलच. आणि पीसीओएसमध्ये तर कित्येक महिने बीज सुटतच नाही. मग बिया कधी बदलायच्या? यावरचं उत्तर ऐका: पाळीचा भरवसा नसेल तर चंद्र बघा, अमावास्येला सुरू करा, पौर्णिमेला बदला! आमच्या धंद्यात सिस्टीमकडून काहीही न वाचता नुसत्या टायमरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला कोणी 'बॅलन्स करणारा' म्हणत नाही. रिव्ह्यूमध्येच परत पाठवतात.

दुसरा मुद्दा. जवसाचं मोठं कौतुक त्यातल्या लिग्नानमुळे. आतड्यातले जिवाणू त्यापासून इस्ट्रोजेनसारखी, पण फार सौम्य अशी द्रव्यं तयार करतात. ठीक. पण जवसाच्या खालोखाल लिग्नान कशात, तर तिळात. मग एकच माल पहिल्या पंधरवड्यात एक काम करतो आणि दुसऱ्यात बरोबर उलटं, हे कसं काय बुवा?

तिसरा मुद्दा पुराव्याचा. १९९३ साली पाळी नियमित असलेल्या १८ बायकांना रोज १० ग्रॅम जवसाची पूड देऊन पाहिली होती. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ सरासरी एखाद्या दिवसानं वाढला. अभ्यास प्रामाणिक आहे, पण छोटा आहे. आणि त्यात जवस रोज दिला होता, अर्धा महिना नाही. चार बियांचं हे आलटून-पालटून चक्र त्यातून कुठेही निघत नाही.

"पण मला फरक पडला ना!" पडला असेल. पाळी आपोआपही मागेपुढे होते. आणि बिया सुरू करणारी बाई बहुधा त्याच आठवड्यात जागरण कमी करते, बिस्किटं सोडते, चालायला लागते. एकदम पाच गोष्टी बदलल्यावर बग कशानं गेला, हे छातीठोकपणे कोण सांगणार?

"खाल्ल्या तर बिघडलं काय?" बियांनी काही बिघडत नाही, वाट बघण्यानं बिघडतं. माझ्या नात्यातली एक मुलगी असे पाच महिने चमचे मोजत बसली होती. अंगावरून जास्त जात होतं, जिना चढताना धाप लागत होती. शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन ७. आता हिशोब करा. दोन चमचे बिया म्हणजे साधारण २० ग्रॅम, त्यात लोह दीड-पावणेदोन मिलिग्रॅम, आणि अंगी लागतं त्यातला फार तर दहावा हिस्सा. म्हणजे २८ दिवसांत चार-पाच मिलिग्रॅम. एका पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर सोबत ३० मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. हे चमच्यानं भरून निघेल? शाळेत मुलींना आठवड्याला मिळते त्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, आणि ती फुकट असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त!

याचं दुसरं टोकही आपल्याजवळच आहे. साखरखेर्ड्याहून दक्षिणेला जालना जिल्हा ओलांडला की बीड. २०१९ साली तिथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीमुळे खाडा पडला की दंड, म्हणून मग पिशवीच नको! एकीकडे चमचा, दुसरीकडे सुरी. मधलं जे साधं, कंटाळवाणं काम आहे, रक्त तपासणं, थायरॉइड बघणं, गरज पडली तर सोनोग्राफी, लोहाच्या गोळ्या आणि डॉक्टरनं पाच मिनिटं ऐकून घेणं, ते कुणालाच विकायचं नाही. त्याचा व्हिडिओ होत नाही ना.

तेव्हा पाळी सात दिवसांवर चालली, तास-दोन तासांत पॅड भिजू लागलं, मोठ्या गाठी पडू लागल्या, किंवा तीन महिने पाळीच आली नाही, तर बिया बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. महिनोन् महिने पाळी न येणं म्हणजे आराम नव्हे, आत अस्तर जाड होत राहतं. आणि पुरुष वाचकहो, "बायकांचं असतंच तसं" म्हणून मान फिरवू नका. गाडीला किक मारा आणि सोबत जा.

बाकी जवस जरूर खा. पहिल्या पंधरवड्यात खा, दुसऱ्यातही खा. फक्त कुटून खा, अख्खा जवस पचत नाही, जसा आत जातो तसा बाहेर येतो. आणि लसूण थोडा जास्तच घाला.