सरंजामाचे खापर राजारामांच्या माथी

शिवाजी महाराजांनी वतनदारांना वेसण घातली, फौजेला रोख पगार दिला. राजारामांनी सरंजाम, म्हणजे रोख पगाराऐवजी मुलखाचा वसूल, वाटले आणि राज्याला कीड लागली. ही मांडणी व्याख्यानांतून इतकी घोळवली गेली आहे की तिला पुरावा कुणी मागत नाही.

रोख पगाराला खजिना लागतो. १६८९च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, नोव्हेंबरात रायगड पडला. जिंजीला पोचलेल्या राजारामांकडे उरले होते छत्रपती हे नाव आणि सोबतची माणसे. त्या माणसांनाही औरंगजेब मनसबी, वतने देऊन फोडत होता. तिथे जुन्या शिस्तीचा हट्ट धरला असता तर शिस्त राहिली असती, राज्य नाही.

१६९१ची, हणमंतराव घोरपड्यांना दिलेली सनद पाहा. नेमणूक टप्प्याटप्प्याने मिळायची: रायगड प्रांत, विजापूर, भागानगर, औरंगाबाद घेतल्यावर एकेक हिस्सा आणि शेवटचा दिल्ली घेतल्यावर! मोगली वेढ्यातला राजा दिल्लीचा हिशेब मांडतो आहे. याला दुबळेपणा म्हणायचे असेल तर म्हणा बापडे.

आक्षेपकांचा हुकमी एक्का म्हणजे आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्यांनीच त्यात वतनदारांपासून सावध केले, हे खरेच. पण जिंजीच्या काळात महाराष्ट्रात ‘हुकुमतपन्हा’ म्हणून वतनांचे कागद करून देणारेही हेच पंत. मात्रा किती द्यायची हे ठाऊक असलेल्या वैद्याची ती सूचना आहे. औषधच विष होते असा कबुलीजबाब नव्हे.

शाहू महाराजांच्या काळात याच सरंजामाला हिशेबाची चौकट मिळाली. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाईचा चौथा हिस्सा, म्हणजे बाबती, छत्रपतींचा. शेकडा ६ सहोत्रा पंत सचिवांचा. शेकडा ३ नाडगौडा छत्रपती देतील त्याला. उरलेला शेकडा ६६ मोकासा सरदारांचा. सरदेशमुखी वेगळीच. एका गावच्या वसुलात इतक्यांचे हात, म्हणजे एकट्याने गाव गिळायची सोय नाही. किचकट खरे, पण गुंता मुद्दाम घातलेला.

यातून भांडणे संपली नाहीत. १७३१मध्ये डभईला पेशवा आणि सेनापती एकमेकांवर चालून गेले, त्रिंबकराव दाभाडे पडले. तरी शाहूंनी सेनापतिपद दाभाड्यांच्या घरातून काढले नाही, यशवंतरावांना दिले.

दोष असेलच तर तो सरंजाम वंशपरंपरेने मुरू देणाऱ्यांचा आणि हिशेब मागायचे सोडून देणाऱ्यांचा. मागणारा असला की काय होते ते थोरल्या माधवराव पेशव्यांनी दाखवले: १७६९च्या कनकापूरच्या तहात जानोजी भोसल्यांसारख्या बलाढ्य सरदारालाही त्यांनी अटी मान्य करायला लावल्या. माधवराव १७७२मध्ये गेले. पुढे १८०२मध्ये होळकरांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांची फौज मोडली आणि दुसरे बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले, तेव्हा राजारामांना जाऊन १०२ वर्षे झाली होती.