विचारणाऱ्यांची बंबारा

मे २०२२ मध्ये गूगलने आपल्या भाषांतर सेवेत चोवीस नव्या भाषा घेतल्या. आपल्याकडे चर्चा झाली ती त्यातल्या कोकणी, मैथिली आणि संस्कृतची. माली या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाची बंबाराही त्याच यादीत होती, पण तिच्याकडे इथे कुणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. आता इंग्रजीत ‘हे केवढ्याला?’, ‘बस कुठून सुटते?’, ‘पोटात दुखतंय’ असे काहीही लिहावे आणि क्षणात बंबारात मिळवावे, अशी सोय झाली. सोय नवी, उद्योग मात्र जुना. परक्या प्रवाशाच्या कामाची वाक्ये नायजरकाठच्या भाषांत आणून देणारी छापील पाने सव्वादोनशे वर्षांपासून निघत आहेत. ती ओळीने वाचत गेले की खटकते ते एवढेच, की वाक्ये नेहमी विचारणाऱ्याने आपल्या गरजेप्रमाणे निवडली आणि ज्याला विचारायचे त्याला पुस्तकात जवळजवळ जागाच ठेवली नाही.

बंबारा मांदे कुळातली. तिचे बोलणारे तिला बामानानकान म्हणतात. नायजर नदीच्या मधल्या खोऱ्यात, सेगू आणि बामाकोच्या परिसरात तिचे मूळ घर. गिनीतली मानिंका, गांबियातली मांडिंका, आयव्हरी कोस्ट आणि बुर्किना फासोच्या बाजारांत चालणारी जुला ही सारी तिची भावंडे. एक येत असेल तर दुसरीत निभाव लागतो. मालीत घरी दुसरीच भाषा बोलणारे लाखो लोक बाजारात, बसमध्ये आणि बराकीत बंबाराच बोलतात.

पुस्तकांच्या आधी हे काम दुभाष्यांचे होते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३५२ मध्ये मालीच्या राजाच्या, मनसा सुलेमानच्या दरबारी पोचला. त्याआधी दहाएक वर्षे हाच माणूस मुहम्मद तुघलकाच्या चाकरीतून दौलताबादेवरून गेला होता, आणि तिथल्या मराठ्यांविषयी, नंदुरबारविषयी त्याने लिहूनही ठेवले आहे. मालीत त्याच्या स्वागताला आल्या तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा एक तुकडा आणि भोपळ्यातून दही. दिल्लीच्या खिलती पाहिलेल्या या गृहस्थाचा अपेक्षाभंग झाला तो आजही त्याच्या ओळींतून लपत नाही. पण गाऱ्हाणे मांडायचे कसे? राजा परक्याशी थेट बोलत नसे. मध्ये दुघा नावाचा दरबारी दुभाषी होता आणि त्याच्या सल्ल्यानेच बतूताला तोंड उघडता आले. भाषा न येणाऱ्याने आपला शब्द दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा, असा तो रिवाज होता.

तो मोडायला निघालेला पहिला प्रसिद्ध माणूस म्हणजे स्कॉटलंडचा शल्यवैद्य मंगो पार्क. १७९५ मध्ये तो गांबिया नदीवरच्या पिसानियाला, डॉ. लेडली या व्यापाऱ्याकडे उतरला आणि आत निघण्यापूर्वी मांडिंका शिकला. जुलै १७९६ मध्ये सेगूला त्याने नायजर पाहिली. सेगूच्या राजाने त्याला भेटायला नकार दिला. पाच हजार कवड्या पाठवल्या आणि चालते व्हायला सांगितले. त्या कवड्यांचा हिशेबही त्याच्यासाठी कोडेच होता, कारण कवड्या मोजताना तिकडे ऐंशीलाच शंभर म्हणतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

पार्कचे प्रवासवर्णन १७९९ मध्ये लंडनला निघाले. शेवटी मांडिंका शब्दांची यादी आहे, आणि त्या यादीला जोडून काही प्रश्नोत्तरे, वेस्ट इंडिजमध्ये उपयोगी पडतील असे सांगून दिलेली. गांबियाच्या भाषेची प्रश्नोत्तरे अटलांटिकपलीकडे कुणाला उपयोगी पडणार? ऊसमळ्यांच्या मालकांना. मांडिंका समजते का, इकडे ये, आजारी आहेस का, अशा धर्तीची ती वाक्ये आहेत. उत्तरेही आहेत, पण मालकाला ऐकावी लागतील तेवढीच.

पार्कला निव्वळ निर्दय म्हणून निकालात काढणे सोपे आहे, आणि ते चूक ठरेल. परतताना तो अमेरिकेला गुलाम नेणाऱ्या ‘चार्ल्सटाउन’ जहाजावर चढला. जहाजाचा वैद्य मेल्यावर त्याने आजाऱ्यांना पाहिले. बेड्यांतले काहीजण त्याला आतल्या मुलुखात भेटलेले होते, आणि आपल्या भाषेतले चार शब्द ऐकून त्यांना थोडा धीर येई असे तो लिहितो. म्हणजे ती प्रश्नोत्तरे ज्यातून सुचली असतील तो प्रसंग माणुसकीचा होता, आणि छापून ती गेली मळेवाल्याच्या टेबलावर. अशा यादीचा उपयोग यादी करणाऱ्याच्या मनातल्या हेतूवर थांबत नाही.

या जातीच्या पुस्तकांतून मराठी तरी कुठे सुटली? पार्कनंतर सहा वर्षांनी, १८०५ मध्ये, विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण काढले आणि त्याला रोजच्या विषयांवरचे संवाद जोडले. वाचक होते फोर्ट विल्यम कॉलेजात शिकणारे कंपनीचे तरुण अधिकारी. कॅरीच्या पाठीशी वैजनाथ पंडित होते. त्यांचे नाव मराठी भाषेच्या अभ्यासकांबाहेर फार कुणाला माहीत नाही.

पुन्हा नायजरकाठी येऊ. फ्रेंचांनी १८९० मध्ये आर्शिनार या सेनाधिकाऱ्याच्या फौजेनिशी सेगू घेतले. त्यानंतर पुस्तकांना बहर आला. १९०१ मध्ये मोरिस दलाफोस या वसाहती प्रशासकाचे मांदे भाषेचे व्यवहारोपयोगी पुस्तक, १९०६ मध्ये बाझां या कॅथलिक धर्मप्रसारकाचा बंबारा-फ्रेंच कोश. शासन आणि चर्च या दोघांनाही लोकांशी बोलायचे होते, म्हणजे मुख्यतः सांगायचे होते. पण १९१० मध्ये एक वेगळे नाव येते, मूसा त्रावेले. हा स्वतः वसाहती कारभारातला आफ्रिकी दुभाषी. त्याने छोटी फ्रेंच-बंबारा मार्गदर्शिका लिहिली, १९१३ मध्ये दुहेरी कोश केला आणि १९२३ मध्ये म्हणी व कथांचा संग्रह. ज्याच्या तोंडून साहेब बोलत आणि ऐकत, तो आपल्या नावाने पुस्तक छापतो आहे, हे त्या काळात सामान्य नव्हते. माझ्या मते या साऱ्या इतिहासात त्रावेलेइतका महत्त्वाचा माणूस दुसरा नाही, आणि बाहेरच्या वाचकाला त्याची ओळख सर्वात कमी.

या दुभाष्यांची सत्ता केवढी होती हे मालीचे लेखक आमादू हांपाते बा यांच्या, वांग्रँ नावाच्या दुभाष्यावरील १९७३ च्या पुस्तकात उत्तम दिसते. फ्रेंच कमांडंट बदलून जात, दुभाषी तिथेच राही. कुणाची तक्रार साहेबाच्या कानी किती आणि कशी घालायची हे तोच ठरवी, आणि त्याचे मोलही घेई. व्यवहाराची वाक्ये छापून दुभाष्याला वगळावे, ही कल्पना वसाहतीच्या कचेऱ्यांना का भुरळ पाडत होती हे त्यातून कळते.

अशा पुस्तकांचे उलटे रूपही झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने पश्चिम आफ्रिकेतून दोन लाखांच्या घरात माणसे भरती केली. त्या पलटणींत बंबारा आपसूक चालत होती. १९१६ मध्ये त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी एक पुस्तिका निघाली. सैनिकांची मोडकी फ्रेंच अधिकाऱ्यांनीही बोलावी असा तिचा उपदेश, आणि त्या मोडक्या फ्रेंचला आधार बंबाराच्या वाक्यरचनेचा. सैनिकांना धड फ्रेंच शिकवायची नाही, अधिकाऱ्यांनी धड बंबारा शिकायची नाही, आणि दोघांच्या मध्ये हुकूम तेवढे पोचवणारी तिसरीच बोली तयार करायची! अशी फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या सैनिकाची टिंगल फ्रान्समध्ये पुढे कित्येक वर्षे चालली.

बंबारा लिहायची कुणी, आणि कशात? सोलोमाना कांते यांनी १९४९ मध्ये मांदे भाषांसाठी न्को ही उजवीकडून डावीकडे जाणारी स्वतंत्र लिपी रचली. स्वतंत्र मालीने १९६७ मध्ये रोमनवर आधारलेली वर्णमाला ठरवली आणि १९७२ पासून ग्रामीण वाचकांसाठी ‘किबारू’ हे बंबारा वृत्तपत्र सुरू केले. त्यानंतरही शाळा आणि कचेरी फ्रेंचमध्येच राहिल्या. परिणाम असा, की बंबारा अस्खलित बोलणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसालाही ती वाचायची सवय नसते.

प्रवाशाच्या वाक्यांत खरा फरक पडला तो खेड्यात राहून काम करणारे परदेशी आले तेव्हा. अमेरिकेचे पीस कॉर्प्सचे स्वयंसेवक १९७१ पासून मालीत येऊ लागले. १९७७ मध्ये चार्ल्स बर्ड आणि सहकाऱ्यांचे बंबारा शिकवणारे पुस्तक निघाले, त्याच वर्षी चार्ल्स बायूल या पाद्रींचा अभ्यासक्रमही. दोन वर्षे एका गावात काढायची तर ‘हे केवढ्याला’ने भागत नाही. तिथे आधी रामराम घालावा लागतो, आणि तो तोंडदेखला चालत नाही. सकाळी ‘इ नी सोगोमा’, दुपारी ‘इ नी तिले’, उन्हे कलल्यावर ‘इ नी वुला’, रात्री ‘इ नी सू’. त्यावर पुरुषाने ‘न्बा’ म्हणायचे, बाईने ‘न्से’. मग रात्र सुखाची गेली का, घरचे बरे आहेत का, मुले कशी आहेत, आणि दर प्रश्नाला सुखरूप असल्याचे ठरलेले उत्तर. घरात कुणी आजारी असले तरी आधी ते उत्तर द्यायचे, आजाराचे नंतर सांगायचे. हे सारे झाल्याशिवाय विहिरीचा रस्ता विचारणारा उद्धट ठरतो.

मग आडनाव. पाहुण्यालाही गावकरी त्रावरे, जारा, कुलिबाली असे एखादे आडनाव देऊन टाकतात, आणि त्याबरोबर कुणाची चेष्टा करण्याचा हक्क आणि कुणाकडून ती सोसण्याचे कर्तव्यही. ठरावीक आडनावांमध्ये हा थट्टेचा करार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘तू तर चवळ्या खाणारा’ ही त्यातली सर्वात खपणारी शिवी. ती ऐकून हसायचे असते, आणि तीच परतवायची असते. रागावलात तर व्यवहार तिथेच बिघडला. कोणत्याही प्रवासी पुस्तकाच्या मागच्या पानांत हे सापडत नाही.

ती मागची पाने पर्यटकांसाठी होती. टिंबक्टू आणि जेन्ने १९८८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, पुढच्याच वर्षी बांदियागाराचे कडे. मग आले खोली, जेवण, भाडे आणि घासाघीस. त्यातही घात असा, की बंबारात पैसे मोजायचे परिमाण दोरोमे, म्हणजे पाच फ्रँक. बाजारातली बाई ‘केमे’ म्हणजे शंभर म्हणाली तर द्यायचे असतात पाचशे. आपल्याकडे ‘बारा आणे’ ऐकून कुणी बारा पैसे पुढे करावेत, तसला हा प्रकार. किंमत विचारणारे वाक्य बिनचूक पाठ केलेल्या प्रवाशाला उत्तर कळत नाही, आणि उत्तर पुस्तकात नसते. २०१२ मध्ये उत्तरेत बंड आणि बामाकोत लष्करी उठाव झाल्यावर तो पर्यटकही ओसरला.

आज ही भाषा शिकू पाहणाऱ्यांत पॅरिसच्या मालियन वस्त्यांत वाढलेली मुले आहेत, संशोधक आहेत, दवाखान्यांत काम करणारे आहेत. त्यांच्या हाती यंत्र आले आहे, आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. पण गूगलने त्या चोवीस भाषा ज्या पद्धतीने शिकवल्या तीत द्विभाषिक वाक्यांच्या जोड्या न देता नुसता त्या त्या भाषेतला मजकूर यंत्रापुढे ठेवला होता, आणि वेबवर बंबाराचा मजकूर आधीच तुटपुंजा. शिवाय पडद्यावर उमटणारे वाक्य समोरच्याने वाचायचे असते, आणि मालीत निम्म्याहून अधिक प्रौढांना कोणत्याच भाषेत वाचता येत नाही. बंबारा दोन सुरांवर चालते, लिहिताना ते बहुधा दाखवत नाहीत. परक्याने ते वाक्य मोठ्याने वाचले तरी समोरच्याला तर्कच करावा लागतो.

आणि गरज आता फिरली आहे. जून २०२३ च्या सार्वमतानंतर मालीने नवी घटना स्वीकारली. फ्रेंच अधिकृत भाषा राहिली नाही, कामकाजाची भाषा उरली, आणि बंबारासह तेरा राष्ट्रीय भाषांना अधिकृत स्थान मिळाले. त्याचा अर्थ कागदाबाहेर यायचा असेल तर पार्कपासून चालत आलेल्या यादीची दिशा बदलावी लागेल. रुग्ण दुखणे कसे सांगतो, शेतकरी कापसाच्या पिकाची तक्रार कोणत्या शब्दांत करतो, बाजारातली बाई भाव कसा बोलते, ही वाक्ये बोलणाऱ्यांकडून गोळा करून फ्रेंच आणि इंग्रजीत यायला हवीत. त्रावेलेने शंभर वर्षांपूर्वी म्हणी आणि कथा जमवून त्या दिशेला हात घातला होता.

तोवर कुणा मराठी वाचकाचे कामानिमित्त बामाकोशी नाते जडले, तर प्रश्नांची यादी घोकत बसू नका. एखाद्या मालियन माणसाकडून आधी उत्तरे शिका. पुरुष असाल तर ‘न्बा’, बाई असाल तर ‘न्से’, आणि दोरोमेला पाचाने गुणायचे.