थार आहे, पण फोर बाय फोर आहे का? गोंदियाच्या चिखलातून समजून घ्या ड्राइव्हचं गणित

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरच्या जीएसटीचे दर बदलले, तेव्हापासून आमच्या गोंदियाकडच्या तरुणांचा एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो: "थार स्वस्त झाली ना, घेऊन टाकू का?" मी उलट विचारतो, "कोणती थार?" इथे बरेच जण गडबडतात. बाहेरून जवळपास सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्या आहेत. एकीची चारही चाकं ओढतात, दुसरीची फक्त मागची दोन. रीलमध्ये हा फरक दिसत नाही. रोवणीच्या दिवसांत शेताच्या पांदणीवर गाडी फसली की लगेच दिसतो.

आधी डिफरन्शियल समजून घ्या

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली असती, तर वळताना एक चाक घासत गेलं असतं. म्हणून मधे डिफरन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं, पण जोर मात्र दोघांना सारखाच देतं.

अडचण इथेच आहे. एक चाक चिखलात आहे, त्याला फिरायला जोर लागतच नाही. मग दुसऱ्या, कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच कमी जोर मिळतो. एक चाक गरागरा फिरतं, दुसरं शांत उभं, आणि गाडी जागेवर. इंजिन कितीही मोठं असलं तरी फरक पडत नाही.

यावरचा उपाय तुमच्या घरच्या ट्रॅक्टरवर आहे. ड्रायव्हरच्या पायाजवळ डिफ लॉकचं पेडल असतं. ते दाबलं की मागची दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि पकड असलेलं चाक ट्रॅक्टर बाहेर काढतं. बाहेर आलं की पेडल सोडायचं. लॉक असताना वळवायला गेलात तर गिअरवर ताण येतो.

फोर बाय फोर म्हणजे काय?

धानाच्या बांधीत चिखलणी करणारे फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर तुम्ही पाहिले असतील. पुढची चाकं लहान असतात, पण तीही ओढतात. लहान चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात, म्हणून आतले गिअर तसे जुळवलेले असतात. त्यातही पुढच्या चाकांचा वेग मुद्दाम किंचित जास्त ठेवतात, म्हणजे ती ट्रॅक्टरला पुढे खेचतात. म्हणूनच टायर बदलताना कंपनीने सांगितलेलीच साइज घ्या. एका बाजूची जोडी वेगळ्या मापाची बसवली की सगळा हिशोब बिघडतो.

थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी यांची पद्धतही याच जातीची, म्हणजे पार्ट टाइम फोर बाय फोर. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असतो. थारच्या लिव्हरवर '२एच' म्हणजे फक्त मागची चाकं. '४एच' म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधला. '४एल' म्हणजे तेच, पण खालच्या गिअरमध्ये: वेग कमी, जोर कितीतरी जास्त. खोल चिखल, खडा चढ, दुसरी गाडी ओढणं, यासाठी ४एल.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर ४एच लावून फिरू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, पण दोन्ही शाफ्ट बांधलेले असल्याने तो फरक जिरवायला जागा नसते. चिखलात टायर थोडा घसरून हिशोब मिटवतो. डांबरावर तो घसरत नाही, मग ताण गिअर आणि टायरवर येतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळताना अडखळते. ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू आहे.

मग ऑल व्हील ड्राइव्ह वेगळं कसं?

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे आणखी एक डिफरन्शियल किंवा इलेक्ट्रॉनिक क्लच असतो. त्यामुळे ते डांबरावरही सुरू राहू शकतं. मारुती ग्रँड विटाराच्या ऑलग्रिप मॉडेलमध्ये गाडी एरवी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते. चाक घसरतंय असं सेन्सरला कळलं की क्लच आवळतो आणि जोर मागेही जातो. पावसात निसरड्या रस्त्यावर हे उत्तम. पण खोल चिखलात बराच वेळ झगडलात तर असा क्लच तापू शकतो, आणि खालचा ४एल गिअर त्यात नसतो.

शेतात आणि डोंगरावर चालणाऱ्या एटीव्हींमध्ये आणखी एक युक्ती असते. काही मॉडेलमध्ये एरवी मागची चाकं ओढतात. ती घसरून पुढच्यांपेक्षा जास्त फिरू लागली की पुढच्या डिफरन्शियलमधले छोटे रोलर आपोआप अडकतात आणि पुढची चाकंही कामाला लागतात. पकड आली की रोलर सुटतात.

आणि टू व्हील ड्राइव्ह एसयूव्हीमधला 'मड मोड'? तो चारही चाकांना ताकद देत नाही. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून त्याच एक्सलच्या दुसऱ्या चाकाकडे जोर वळवतो. थोड्या चिखलात उपयोगी आहे, पण ती दोन्ही चाकं रुतली तर तोही हतबल.

जीएसटीने चित्र कसं बदललं?

नवा नियम असा: लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, तर १८ टक्के. त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. थारचं १.५ लिटर डिझेल आरडब्ल्यूडी मॉडेल, जे जानेवारी २०२३ मध्ये ९.९९ लाखांच्या सुरुवातीच्या किमतीला आलं, ते १८ टक्क्यांत बसतं. थारची फोर बाय फोर मॉडेल मोठ्या इंजिनची, म्हणून ४० टक्क्यांत. जिम्नी ४ मीटरच्या आत आणि वजनाने हलकी, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून तीही ४० टक्क्यांत. शेतीच्या ट्रॅक्टरवर मात्र ५ टक्के.

सरकारने फोर बाय फोरवर वेगळा टॅक्स लावलेला नाही. पण इंजिन मोजून रेघ ओढली की परिणाम तोच होतो: दिसायला दणकट पण दोन चाकांवर चालणारी गाडी स्वस्त, आणि खरंच चिखलातून निघणारी छोटी गाडीही आलिशान गाड्यांच्या रांगेत. शहरात याने काही बिघडत नाही. पण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या एखाद्या गावात पावसाळ्यात पेशंट घेऊन निघणाऱ्यासाठी फोर बाय फोर ही चैन नाही. मला वाटतं, या रेघेत गाडीचा उपयोगही धरायला हवा होता.

रपट्यावरचं पाणी: इथे कुठलाच ड्राइव्ह चालत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि त्यांना मिळणाऱ्या नाल्यांवर पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जातं. "आपली फोर बाय फोर आहे" म्हणून गाडी घालणारे असतात. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता कंपनी ६५० मिमी सांगते. पण तो आकडा वाहत्या पुरासाठी नाही. साधारण ३० सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी कार ढकलू शकतं, आणि ६० सेंटिमीटर पाणी एसयूव्हीही वाहून नेऊ शकतं. पाणी गाडीला खालून उचलतं, टायरवरचा भार कमी होतो, भार गेला की पकड गेली. पकडच नसेल तर दोन चाकं ओढोत की चार, काय फरक? शिवाय खालचा रस्ता वाहून गेलाय का, हे वरून कळत नाही.

ब्रेकचंही तसंच. चारही चाकांना ब्रेक प्रत्येक कारला असतो. फोर बाय फोरने गाडी निघते लवकर, थांबत नाही लवकर.

मग घ्यायचं काय?

• गोंदिया शहर, हायवे आणि पक्का रस्ता एवढंच असेल, तर टू व्हील ड्राइव्ह पुरे. वाचलेल्या पैशात चांगले टायर घ्या.
• पावसात निसरडे रस्ते, पण खोल चिखल नाही, तर ऑल व्हील ड्राइव्ह.
• दर पावसाळ्यात पांदण, शेत किंवा जंगलाचा कच्चा रस्ता, तर ४एल असलेली फोर बाय फोर.

नवेगाव-नागझिऱ्याच्या सफारीत जिप्सी इतकी वर्षं टिकली, त्यात साधारण एक टन वजन आणि साधी रचना यांचाही मोठा वाटा आहे. जड गाडी चिखलात जास्त रुतते.

शोरूममध्ये गेलात की नाव आणि रंग नंतर बघा. आधी एवढंच विचारा: "याच मॉडेलमध्ये पुढची आणि मागची दोन्ही चाकं ओढतात का, आणि लो गिअर आहे का?" उत्तर तोंडी घेऊ नका, कोटेशनवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव लिहून घ्या. आणि गाडी कुठलीही असो, रपट्यावर पाणी दिसलं तर थांबा.