चौकशी कातड्याची

एरवी या सदराला दर आठवड्याला दीड रकाना मिळतो, आणि त्यात एखादा शब्द उलगडून सांगेपर्यंत जागा संपते. दिवाळी अंकात संपादक जरा सैल हाताने जागा देतात. म्हणून यंदा शब्दाबरोबर एक छंदही वाचकांपुढे ठेवावा म्हणते. छंद आहे चामड्याच्या वस्तू हाताने शिवण्याचा आणि शब्द आहे 'चांभारचौकशा'.

शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. नसत्या, खोदून खोदून विचारलेल्या प्रश्नांना आपण हे नाव देऊन मोकळे होतो. तीन वर्षांपूर्वी वर्गात एका जुन्या विनोदी लेखात तो आला. मुले हसली. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र वहीत पाहत राहिली. तास संपल्यावर ती टेबलाशी आली. तक्रार अशी काही केली नाही. एवढेच विचारले, "बाई, चांभार चौकशी करतो म्हणजे नक्की काय विचारतो, ते कोशात आहे का?"

कोशात शब्दाचा अर्थ मिळतो, चौकशीतले प्रश्न मिळत नाहीत. मी तसे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग आमच्या आप्पांना विचारा."

आप्पा म्हणजे तिचे आजोबा. आमच्या कोल्हापुरातच राहतात आणि सत्तरी उलटली तरी रोज पाटावर बसतात. मी गेले ती शब्दाची चौकशी करायला, आणि समोर चाललेले काम पाहून म्हणून बसले, "आप्पा, मला शिकवाल का? छंद म्हणून?"

"छंद म्हंजे?"

"म्हणजे ज्याचे पैसे मिळत नाहीत असे काम."

आप्पा हसले. "मग बाई, आमचाबी छंदच म्हना की!"

त्या हसण्यात विनोद किती आणि हिशेब किती, हे मला पुढे कळत गेले. असो. त्यानंतर दर रविवारी सकाळी आप्पांच्या ओसरीवर आमचा वर्ग भरू लागला. विद्यार्थी चौघे: मी, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक दातांच्या डॉक्टरीणबाई आणि इंजिनिअरिंगला असलेला एक मुलगा.

पहिल्या रविवारी सुई हाताला लागलीच नाही. आप्पांनी चार तुकडे पुढे टाकले आणि म्हणाले, "शिवतंय कुनीबी. आधी कातडं बघाय शिका." आणि मग सुरू झाल्या त्या खऱ्या चौकशा.

पहिला प्रश्न, कातडे कोणत्या जनावराचे? म्हशीचे जाड आणि राकट. ते तळव्याला, पट्ट्याला. शेळीचे पातळ आणि तरी चिवट. ते पाकिटाला, अस्तराला. दुसरा प्रश्न, अंगाच्या कोणत्या भागाचे? पाठीचे कातडे घट्ट असते, पोटाचे सैल आणि ताणणारे. बँकवाल्या काकांनी स्वस्त पडला म्हणून बाजारातून एक तुकडा आणून त्याचा पट्टा केला. महिनाभरात पट्टा दोन भोके लांब झाला. काकांना वाटले आपणच बारीक झालो, आणि ते खूश होते! आप्पांनी पट्टा नुसता बोटांत धरून ताणला आणि निकाल दिला, "पोटाचं हाय." पट्टा नेहमी पाठीच्या कण्याच्या दिशेने कापावा आणि तीन ते चार मिलिमीटर जाडीचा घ्यावा. पाकिटाला एक मिलिमीटरच्या आसपास पुरे.

तिसरा प्रश्न, कमावले कशाने? कातडे दोन तऱ्हांनी कमावतात. हिरडा, बाभळीची साल यांच्या अर्कात मुरवले तर आठवडेच्या आठवडे लागतात, पण असे कातडे पाणी लावून दाबले की ठसा धरते आणि त्याची कड घासून चकचकीत होते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले एक-दोन दिवसांत तयार होते, मऊ आणि लवचीक असते, पण ठसा धरत नाही आणि कितीही घासले तरी त्याची कड गुळगुळीत होत नाही. नवशिक्यांचे निम्मे रडगाणे इथेच असते. कड घासून हात दुखतात आणि दोष हाताचा नसतोच. रंग न चढवलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. हिरड्या-बाभळीचे कातडे तो पिऊन काळवंडते. रंगवलेल्या क्रोमच्या तुकड्याची कापलेली कड बहुधा आत निळसर करडी दिसते.

चौथा प्रश्न, वापरणार कोण आणि कुठे? हा प्रश्न मला सर्वांत आवडला. चष्म्याचे घर कुणाचे, उजव्या हाताच्या माणसाचे की डावऱ्याचे? पिशवीत पुस्तके जाणार की भाजी? आप्पा म्हणतात, "कातडं मेलेलं असतंय, पर त्याच्या समदं ध्यानात असतंय. कुठं काटा लागला हुता, कुठं पोट सुटलं हुतं, समदं सांगतंय. इचारनारा पायजे."

आता शिवण्याकडे येते. अवजारे थोडीच लागतात: कापायला आणि कडा तासायला रापी, भोके पाडायला आरी, दोन बोथट सुया, मेण लावलेला दोरा, हातोडी, आणि काम उभे धरायला लाकडी चिमटा. रापीला धार हवी. बोथट रापी कातडे कापत नाही, ओढते, आणि हात कापते तो बहुधा अशाच वेळी.

हातशिलाईत एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जातात. यंत्राच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो, म्हणून एक टाका तुटला की शेजारचेही सुटू लागतात. दोन सुयांच्या शिलाईत एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. शिवणीच्या चौपट दोरा घ्यावा, म्हणजे मध्येच गाठ मारायची पाळी येत नाही.

आमच्या वर्गात वारंवार आलेल्या अडचणी आणि आप्पांचे उपाय इथे एकत्र देते. ज्यांना हा नाद लागेल त्यांना उपयोगी पडतील.

शिवण पुढून सरळ आणि मागून वाकडी, ही पहिली अडचण. कारण एकच, आरी तिरकी जाते. काम चिमट्यात उभे धरावे, शिवणीची रेघ दोन्ही अंगांना ओढून घ्यावी आणि आरीचे टोक पलीकडे रेघेवरच निघते ना ते दर भोकाला पाहावे. पुढचे टाकेही वेडेवाकडे येत असतील तर सुयांचा क्रम मोडतो आहे असे समजावे. पहिल्या टाक्याला जी सुई आधी गेली तीच शेवटपर्यंत आधी जावी, आणि दोरा दोन्ही हातांनी सारखाच ओढावा. फार जोराने ओढला तर पातळ कातडे चुणते.

दुसरी अडचण, शिवण कडेपाशी फाटते. भोके कडेला चिकटून किंवा एकमेकांच्या फार जवळ पाडली की पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखी फाटण्याची सोयच होते. कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत असावे. फाटलेच तर वस्तू टाकू नये. आतून पातळ पट्टी चिकटवून थोडे आत सरकून नवी शिवण घालावी.

तिसरी, पाकीट घडीपाशी फुगते. घडी जिथे पडते आणि दोन थर जिथे जुळतात तिथे कातडे मागच्या बाजूने रापीने तासून पातळ करावे लागते. आमच्या डॉक्टरीणबाई यात पहिल्या दिवसापासून तरबेज. त्यांच्या हाताला सूक्ष्म तासकामाची सवय आहे, फक्त इथे पेशंट ओरडत नाही, असे त्या म्हणतात.

चौथी, रंगाचे डाग. जिथे चिकटद्रव्याचा किंवा तेलकट बोटांचा स्पर्श झाला तिथे रंग शिरत नाही. म्हणून रंग आधी द्यावा, चिकटवावे मागाहून. एकच जाड हात देण्यापेक्षा पातळ असे दोन-तीन हात द्यावेत, आणि वाळल्यावर कोरड्या फडक्याने सुटा रंग पुसून काढावा. नाही तर पट्ट्याचा रंग सदऱ्यावर उतरतो आणि मग घरात जे होते ते सांगायला नको.

पाचवी, दाबाचे बटण निसटते. बटणाच्या दांडीची लांबी आणि कातड्याची जाडी जुळत नाही. दांडी लांब असेल तर ठोकल्यावर ती आत वाकडी होते. मध्ये कातड्याची चकती घातली की काम भागते.

सहावी अडचण मला, मराठीच्या मास्तरणीला, फार शिकवून गेली. इंजिनिअरिंगच्या मुलाने ओल्या कातड्यावर लोखंडी पट्टी ठेवली आणि उचलली तर खाली निळाकाळा डाग. आप्पांनी स्वयंपाकघरातून लिंबू मागवले, रस हलक्या हाताने चोळला, मग स्वच्छ पाण्याने पुसले. डाग पुष्कळसा गेला. हिरड्या-बाभळीतले टॅनिन लोखंडाला भेटले की काळे होते. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो यामुळेच. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई होत असे, तीही याच गुणाने. म्हणजे ज्या हिरड्याने आप्पांचे कातडे कमावले जाते त्यानेच एके काळी लेखणीची शाई होत होती. हिरड्याने दोन व्यवसायांत उच्चनीच काही मानले नाही. ते काम माणसांनी केले.

पावसाळ्यातला बुरा हा सातवा त्रास. कातडी वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. बुरा कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावा आणि वस्तू सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. भिजलेली चप्पल चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवली की ती आक्रसून लाकडासारखी होते. तेल हवेच असेल तर बोटाने, नाममात्र. कातड्याला भजे समजू नये.

घरची हकीकतही थोडी सांगायला हवी. सासूबाईंनी पहिल्या दिवशी, "कातडं देवघराच्या खोलीत नको," म्हणून बजावले. तीन महिन्यांनी त्यांनीच आपल्या जपमाळेसाठी एक छोटी थैली करून मागितली. मी त्यांच्याकडे पाहिले. "मृदंगाला काय लावतात मग?" असे त्याच म्हणाल्या. शेजारच्या वहिनींनी माझी पर्स पाहून कौतुक केले, ती मी शिवली म्हणताच आणखी केले, आणि कुणाकडे शिकले ते सांगताच एकदम विषय बदलला. माझ्या हातात जी कला ठरली तीच आप्पांच्या हातात अजून जात ठरते, हे मी त्या दिवशी दोन मिनिटांत पाहिले. 'पायीची वहाण पायीच बरी' असे म्हणणाऱ्या समाजाला वहाणेखेरीज चार पावले चालवत नाही, हे कुणी ध्यानात घेत नाही.

हे कोडे सुटावे म्हणून कित्येकांनी हाताने काम केले. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी चपला करायला शिकले. स्वतः केलेला एक जोड त्यांनी १९१४ साली जनरल स्मट्सना दिला आणि स्मट्सनी तो १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला आदराने परत पाठवला. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेल्या जनावरांचे कातडे सोडवण्याचे कामही हलके मानले नाही. आमच्या रविवारच्या छंदाची त्यांच्याशी तुलना नाही. आम्ही कंटाळलो की उठून घरी जाऊ शकतो. आप्पांच्या पिढीला ती मोकळीक नव्हती. हा फरक मात्र छंद करणाऱ्याने विसरू नये.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा गावोगाव लोक संतापले. मग कंपनीने या चपलांमागची प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. तो संताप रास्तच होता. आप्पांची नात मला म्हणाली, "बाई, नाव घेतलं नाही म्हणून इतके लोक रागावले. आमचं नाव घेऊन हसतात तेव्हा कोण रागावतं?" यावर माझ्याजवळ व्याकरणाचे कोणतेही उत्तर नव्हते.

माझी एक साधी पर्स तीन रविवार मिळून नऊ तासांत झाली. तेव्हापासून चपलेच्या दुकानात "काही कमी करा की" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. वाचकहो, दिवाळीच्या खरेदीत हाताने शिवलेली वस्तू घ्याल तेव्हा आधी ती उलटी करून मागची शिवण पाहा, कड बोटाने चाचपा, कातडे कुठले ते विचारा. विकणारा कारागीर असेल तर त्याचा चेहरा खुलेल. पारखून झाल्यावर मात्र पैशांची घासाघीस करू नका.

आणि तो शब्द? वर्गात मी तो आता थट्टेसाठी वापरू देत नाही. धड्यात आला तर थांबते आणि वरचे चार प्रश्न फळ्यावर लिहिते. कशाचे, कुठले, कसे कमावलेले आणि कुणासाठी? कातडे असो, बातमी असो की पुढाऱ्याचे भाषण असो, एवढी चौकशी करणारा माणूस सहसा फसत नाही. मुलांना ते पटते. ती मुलगी यंदा एम. ए.ला आहे. व्यवसायबोलीतल्या शब्दांवर प्रबंधिका लिहिते आहे, आणि रापी, आरी, वादी असे आप्पांचे शब्द एकेक करून वहीत उतरवते आहे. आप्पा तिला दर शब्दाला विचारतात, "हे कशाला पायजे? कोन वाचनार? त्येचं काय हुनार?"

या चौकशांची उत्तरे देता देता तिचा प्रबंध चांगला घट्ट विणीचा होतो आहे.