शिकारी मासा सोडण्यापूर्वी

पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात नाईल पर्च हा शिकारी मासा १९५० च्या दशकात सोडण्यात आला. युगांडा, केनिया आणि टांझानिया यांच्यात विभागलेल्या या सरोवरात तेव्हा हॅप्लोक्रोमिन गटातील सिच्लिड माशांच्या सुमारे ५०० प्रजाती होत्या. त्यांतल्या बहुतेक जगात इतरत्र आढळत नाहीत. या लहान, काटेरी माशांना भाव नव्हता. ते खाऊन मोठा, विकाऊ मासा वाढावा, हा हेतू होता.

पहिली वीसेक वर्षे पर्चचे प्रमाण नगण्य राहिले. १९८० च्या दशकात तो झपाट्याने वाढला आणि तळाजवळच्या मत्स्यभारातील हॅप्लोक्रोमिनांचा वाटा सुमारे ८० टक्क्यांवरून एका टक्क्याखाली आला. सुमारे २०० प्रजाती नामशेष झाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. सिच्लिड मादी मोजकीच अंडी घालते आणि पिले तोंडात सांभाळते. पर्चची मोठी मादी लाखो अंडी घालते. शिकारीची भरपाई विणीतून होणे शक्यच नव्हते.

दोष एकट्या पर्चचा नाही. सरोवराच्या म्वान्झा आखातात पर्च वाढण्याआधीच ट्रॉलरने हॅप्लोक्रोमिनांचा उपसा चालू होता. शेतजमिनीतून वाहून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे शेवाळ माजले, खोल पाण्यातला प्राणवायू घटला आणि पाणी गढूळले. नर रंगावरून ओळखणाऱ्या सिच्लिड माद्यांची निवड गढूळ पाण्यात चुकते आणि प्रजातींची सरमिसळ होते. शेवाळ व तळातला गाळ खाणारे मासे गेल्यावर त्यांची जागा लहान कोळंबीने घेतली. डागा हा चंदेरी बारीक मासाही वाढला.

मासळीचे एकूण उत्पादन मात्र कित्येक पटींनी वाढले आणि पर्चची निर्यात युरोपात होऊ लागली. त्यामुळे केवळ टनांचा हिशेब पाहणाऱ्याला ऱ्हास दिसलाच नाही. पुढे पर्चची मासेमारी वाढल्यावर काही हॅप्लोक्रोमिन परतले. खडकाळ किनारे हे त्यांचे आसरे ठरले; कमी प्राणवायूच्या दलदलीही, कारण पर्चला कमी प्राणवायू सोसत नाही.

शिकारी मासा सोडण्याचा प्रश्न आपल्याकडेही येतो. कोकणातला जिताडा आणि नाईल पर्च हे लेटिस या एकाच वंशातले. खारेपाटातील तळ्यांत जिताडा पूर्वापार वाढवला जातो. पण त्याच्या विणीला खारे पाणी लागते, त्यामुळे गोड्या तळ्यात सोडलेल्या पिलांची पुढची पिढी तिथे होत नाही. नाईल पर्च गोड्या पाण्यातच वितो. भारतात बंदी असूनही वाढवला जाणारा आफ्रिकन मांगूरही गोड्या पाण्यात वितो आणि पुरात तळ्याबाहेर निसटतो. म्हणून शिकारी माशाचे बीज सोडण्याआधी तो त्या पाण्यात विणार का, तिथून नदीत जाणार का आणि स्थानिक माशांना आसरा उरणार का, हे तपासणे आवश्यक ठरते. बीज सोडल्यावर नोंद एकूण वजनाची नव्हे, प्रजातीनिहाय ठेवावी लागते.