दिवा सगळ्यांना दिसतो, रेक्टिफायर कुणालाच नाही

गेल्या शनिवारी एका हॉटेलात जेवायला गेलो. दारातच जुना 35 मिलिमीटरचा प्रोजेक्टर शोभेला मांडलेला, लोक सेल्फी काढतायत. मी सवयीने लॅम्प हाउसचं दार उघडलं तर आत... प्लॅस्टिकची वेल!

मंडळी, आमच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) माझा मामा एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. त्यामुळे लहानपणी मी पिक्चर कमी, केबिन जास्त पाहिली. कार्बनच्या दोन कांड्या टेकवायच्या, किंचित लांब करायच्या, की मधे आर्क पेटून राहायचा. पॉझिटिव्ह कांडीच्या टोकाला खळगा पडतो; साडेतीन हजार अंशांच्या पुढे तापलेल्या त्या खळग्यातून पडद्यावरचा उजेड यायचा.

पण घरातला करंट त्याला चालत नाही. एसीवर उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, प्रोजेक्टरचं शटर तो 48 वेळा अडवतं. दोघांचा मेळ बसत नाही आणि पडदा लुकलुकतो. म्हणून बाजूला रेक्टिफायर घुमत असायचा. आत थ्री-फेज; बाहेर डीसी, व्होल्ट थोडे पण अँपिअर भरपूर. त्यात आर्कची खोड अशी, की करंट वाढला की विरोध कमी होतो, म्हणून करंट आणखी वाढतो. इन्फिनिट लूपच म्हणा ना! त्याला लगाम म्हणून सर्किटमध्ये बॅलास्ट हवाच.

एवढं करूनही कांड्या जळून आखूड होतात. मोटर त्या पुढे सरकवायची, पण खरी भिस्त मामाच्या नजरेवर. काळ्या काचेतून बघत तो अंतर सांभाळायचा. जरा दुर्लक्ष झालं की पडदा काळवंडायचा आणि खालून शिट्ट्या!

पुढे झेनॉन दिवे आले, मग डिजिटल. चांगलंच झालं, केबिनमधला धूर गेला. त्याचं मला दुःख नाही. राग याचा येतो, की प्रोजेक्टर शोभेला राहतो आणि रेक्टिफायर तांब्याच्या भावाने भंगारात जातो. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे म्हणून निदान काही सिनेमे तरी वाचले. त्यांना उजेड देणाऱ्या यंत्रणेचं काय? आपल्या शहरात एवढी इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत. एकाने तरी रेक्टिफायर आणि बॅलास्टसकट एक जोडी चालू ठेवावी, आणि ती जुन्या ऑपरेटरांकडून शिकून घ्यावी.

मामा आता सत्तरी ओलांडून गेलाय. 'अंतर किती ठेवायचं?' विचारलं तर म्हणतो, "आवाजावरून कळतं रे." हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय? डॉक्युमेंटेशन नंतर करू म्हणणारे आपणच ना!

असो. पुढच्या रविवारी रेकॉर्डर घेऊन मामाकडे जातोय.