सात दिल्ल्या, तीन दिवस

दिवाळी जवळ आली की आमच्या ओळखीपाळखीत निदान दोनतीन कुटुंबे तरी दिल्लीला निघतात, आणि निघण्यापूर्वी या सदराची आठवण त्यांना हटकून होते. प्रश्न ठरलेला असतो. "बघायचे काय ते पाठ आहे हो! हिंडायचे कसे तेवढे सांगा." प्रश्न शहाणपणाचा आहे. दिल्लीत बघण्यासारख्या गोष्टी कमी नाहीत. कमी पडतात ते पाय आणि तास.

पहिली गोष्ट अशी की दिल्ली हे एक गाव नव्हे. जुनी माणसे सात दिल्ल्या मोजतात, आणि इंग्रजांनी १९११ साली जाहीर करून १९३१ साली उद्घाटन केलेली नवी दिल्ली धरली तर आठ. ज्या बादशहाला आधीच्या बादशहाचे गाव आवडले नाही त्याने शेजारी आपले निराळे वसवले. त्यामुळे कुतुबमिनार एका टोकाला आणि लाल किल्ला दुसऱ्या टोकाला. मध्ये सरळ रेषेत मोजले तरी पंधरा किलोमीटर. पुण्याच्या माणसाला शनिवारवाड्यावरून पर्वती दिसते, तेव्हा 'जवळच असेल' असे म्हणण्याची त्याला सवय असते. ती सवय गाडीत बसण्यापूर्वी घरी ठेवावी.

आता 'एका दिवसात दिल्ली' दाखवणाऱ्या बसगाड्यांविषयी. त्यांच्यावर माझा राग नाही, वयस्कर माणसांची त्या सोय करतात हे खरे. पण आठ ठिकाणे दहा तासांत दाखवायची म्हणजे काय दाखवायचे, तर आठ वाहनतळ. प्रत्येक ठिकाणी उतरणे, मंडळी मोजणे, एक छायाचित्र, पुन्हा मंडळी मोजणे. संध्याकाळी मुलांना विचारले, "काय पाहिलेस?" तर मुले सांगतात, "आइसक्रीम."

माझे मामा इतिहासाचे मास्तर. पस्तीस वर्षे त्यांनी मुलांकडून दिल्लीच्या सनावळ्या घोकून घेतल्या, पण दिल्ली पाहिली ती वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, दोन्ही गुडघे गेल्यावर. मुलाने हौसेने बसची तिकिटे काढली. लाल किल्ल्याला चाळीस मिनिटे मिळाली. मामा काठी टेकीत छत्ता चौकातून नौबतखान्यापर्यंत पोहोचले, तोवर परतीची शिट्टी वाजली. दिवाण-इ-खास समोर दोनतीनशे पावलांवर राहिले. ते बोलले काहीच नाहीत. रात्री जेवताना मात्र एवढेच म्हणाले, "जाऊ दे. पुस्तकात आहेच."

हे 'पुस्तकात आहेच' आम्हा कोणालाच गिळवेना. दुसऱ्या दिवशी बसला रामराम ठोकून आम्ही मेट्रोने निघालो, आणि तिथून पुढचे जे सांगतो आहे ते सगळे या मेट्रोमुळे शक्य झाले आहे.

दिल्लीची मेट्रो २००२ साली सुरू झाली. प्रवाशाच्या दृष्टीने त्यातले दोन मार्ग ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले. एक पिवळा, दुसरा जांभळा. पिवळ्या मार्गाची मौज अशी की चांदनी चौकात, म्हणजे शहाजहानच्या सतराव्या शतकात, बसावे. नवी दिल्ली स्टेशन, राजीव चौक, केंद्रीय सचिवालय ही इंग्रजांची विसावी शतके मागे टाकली की जोरबाग येते. तिथे लोदी सुलतानांच्या काळातल्या, पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या कबरी बागेत आहेत. पुढे हौजखास, अल्लाउद्दिनाच्या तलावाचे. आणखी पुढे कुतुबमिनार, तेथे बाराव्या शतकाची अखेर. गाडी पुढे धावते आणि काळ मागे. सहावीतल्या मुलाला ही एक फेरी घडवा. सनावळी आपोआप डोक्यात बसेल.

जांभळ्या मार्गावर 'लाल किला', 'जामा मस्जिद' आणि 'दिल्ली गेट' ही स्थानके २०१७ पासून झाली आहेत. लिफ्ट आहेत. मामांना जिना एकही चढावा लागला नाही, हे त्यांनी तीन वेळा बोलून दाखवले. गाडीचा पहिला डबा बायकांचा असतो. कुटुंबाने सगळ्यांनी मिळून दुसऱ्या डब्यात बसावे हे उत्तम. नाहीतर बायका एका स्थानकावर उतरतात आणि पुरुष पुढच्या. मोबाइल असूनही हे घडते, आणि त्यावरचा संवाद नंतर फार काळ चालतो.

किल्ल्याच्या फाटकावर चाकांची खुर्ची मिळाली. दिवाण-इ-खासपाशी मामांनी ती थांबवायला सांगितली. संगमरवरी खांब, त्यांवरची फुलांची वेलबुट्टी, आणि वर रंगविलेले लाकडी छत. या छताला पूर्वी रुप्याचा पत्रा होता. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या खर्चासाठी तो उतरवून वितळवला आणि नाणी पाडली. पुढे जानेवारीत पानिपत झाले. मामांनी हे सगळे नातवाला सांगितले. नातू नव्या शाळेतला. त्याने सरळ विचारले, "म्हणजे आजोबा, आपण चोरी केली?"

आम्ही सगळे गप्प. मामा बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फौज उपाशी होती, हे लिहून ठेव. आणि छत आपले नव्हते, हेही लिहून ठेव. परीक्षेत दोन्ही लिहिलेस तरच पूर्ण मार्क."

तिथे आम्ही तासभर होतो. चाळीस मिनिटांत हे जमले नसते.

तर माझे सांगणे असे, की तीन दिवस असतील तर तीन दिल्ल्या पाहाव्या आणि बाकीच्या पुढच्या खेपेला ठेवाव्या. पहिला दिवस शहाजहानाबादचा. सोमवारी लाल किल्ला बंद असतो, तो वार टाळावा. किल्ल्यातून बाहेर पडले की समोर चांदनी चौक. किल्ल्यापासून फतेपुरी मशिदीपर्यंत हा रस्ता जेमतेम दीड किलोमीटर, आणि २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ त्यावर मोटारींना मज्जाव आहे. तेव्हा चालावे. दमले त्यांनी सायकलरिक्षा करावी, भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. या एका रस्त्यावर जैनांचे लाल मंदिर आणि त्यातला पाखरांचा दवाखाना, गौरीशंकराचे देऊळ, शीशगंज गुरुद्वारा आणि सुनहरी मशीद ओळीने लागतात. १७३९ साली नादिरशहाने कत्तलीचा हुकूम दिला तो या सुनहरी मशिदीतून. गौरीशंकराचे देऊळ आपा गंगाधर नावाच्या मराठी सरदाराने बांधल्याचे सांगतात; आपल्याकडची माणसे तिथे दोन मिनिटे जास्त रेंगाळतात ती त्यामुळेच.

गल्ल्यांविषयी एक इशारा. दरीबा कलान ही चांदीची, किनारी बाजार ही जरीकाठाची, खारी बावली ही मसाल्याची. घरात लग्न असेल तर किनारी बाजार सगळ्यांत शेवटी ठेवावा, कारण त्यानंतर काही पाहणे होत नाही. खारी बावलीत मिरच्यांची पोती उघडी असतात. नाकाला रुमाल हवाच. थंडीत गेलात तर दुधाच्या फेसाची 'दौलत की चाट' मिळते. तोंडात घातली की नाहीशी होते, पैसे तेवढे गेलेले राहतात, पण खावी.

दुसरा दिवस हुमायूनच्या कबरीचा. तिथे मेट्रो अगदी दाराशी जात नाही, रिक्षाच बरी. शेजारची सुंदर नर्सरी ही बाग आणि रस्त्यापलीकडचा निजामुद्दिनांचा दर्गा एवढ्यात दिवस संपतो. तिसरा दिवस कुतुबचा. स्थानकाचे नाव कुतुबमिनार असले तरी मिनार तिथून चांगला दीडदोन किलोमीटर आहे. हा फसवा हिशेब आधीच सांगून ठेवतो. आवारातल्या लोहस्तंभाला पाठ टेकून मागे हात जुळवायची जुनी रीत आता उरली नाही, १९९७ पासून त्याभोवती कुंपण आहे. मिनार पाहून लगेच परतू नये. शेजारीच मेहरौलीच्या पुरातत्त्व उद्यानात जमाली-कमालीची मशीद आणि 'राजों की बावली' ही खोल पायऱ्यांची विहीर आहे. दिल्लीत शांतपणे बसून दशमी सोडायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

इंग्रजांची नवी दिल्ली संध्याकाळी रिक्षातून पाहावी. नकाशात इंडिया गेट आणि राष्ट्रपती भवन समोरासमोर दिसतात. मधला कर्तव्य पथ (२०२२ पर्यंत राजपथ) चालायला घेतला की तीन किलोमीटर म्हणजे काय ते कळते. गोल चौकही सारे एकासारखे एक. रस्ता विचारलात तर दिल्लीकर मोठ्या प्रेमाने 'बस, सीधे चले जाओ' म्हणतो. गोल चौकात सरळ कुठे जायचे असते, हे मात्र तो सांगत नाही.

काही किरकोळ. मुंबई-पुण्याच्या गाड्या काही नवी दिल्लीला, काही हजरत निजामुद्दिनला थांबतात. तिकिटावरचे नाव नीट वाचूनच मुक्काम ठरवावा. नवी दिल्ली स्टेशनची मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला आहे, पहाडगंजच्या नव्हे. 'तुमचे हॉटेल बंद झाले, चला दुसरे दाखवतो' म्हणणाऱ्या सद्गृहस्थाला नमस्कार करून पुढे व्हावे. आणि ज्यांच्या घरी दमेकरी माणूस आहे त्यांनी दिवाळीनंतर लगेच जाऊच नये. त्या दिवसांत तिथली हवा धुराने इतकी भरते की सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसतो. जानेवारीत धुके गाड्यांना चार-चार तास अडकवते. फेब्रुवारी-मार्च हे महिने खरे.

मराठ्यांच्या खुणा कुठे, असेही बरेच जण विचारतात. १७३७ साली पहिल्या बाजीरावांनी बादशाही फौजेला गाठले ते तालकटोऱ्यापाशी. आज तिथे बाग आणि क्रीडागृह आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांची फौज पटपडगंजपाशी इंग्रजांकडून हरली आणि दिल्ली हातची गेली. त्या लढाईचा इंग्रजांनी उभारलेला स्तंभ यमुनेपलीकडे नोएडात, गोल्फच्या मैदानात उभा आहे. मामांना तोही पाहायचा आहे. निळ्या मार्गावर 'गोल्फ कोर्स' नावाचेच स्थानक आहे. येत्या फेब्रुवारीची तिकिटे काढली आहेत.